रोडग्यांचा खटला

गळ्यावर वस्तरा असताना वाद घालू नये, हे मला कायद्याच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकवलं चिखलीतल्या माझ्या सलूनवाल्यानं. माझ्या एका गालाला फेस, दुसरा गाल साफ, मान खुर्चीवर मागे टाकलेली, आणि तो वस्तऱ्याला नवं पातं लावत अगदी गोड आवाजात म्हणाला,

"वकीलसाहेब, त्या सात मुडद्यावाल्याची केस तुमी घेतली म्हणते. खरं हाय काय?"

तोंड हलवलं तर कापेल, म्हणून मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"काऊन पण?" वस्तरा माझ्या कंठावर आला आणि तिथंच थांबला. बाकावरच्या दोघांनी पेपर खाली केले. "जगातले चोर संपले काय? सात जीव घेतले त्यानं. त्याले तं चौकात..." चौकात काय करावं हे त्यानं वस्तरा हवेत फिरवून दाखवलं. माझी वकिली, माझा संसार, माझी मधुमेहाची गोळी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"आधी दाढी कर बे," मी ओठ न हलवता म्हणालो, "मंग भाषण दे."

दाढी झाली. रक्त निघालं नाही. पण खुर्चीतून उठताना मला कळून चुकलं होतं, की या खटल्यात साक्षीदारांच्या आधी माझीच उलटतपासणी होणार.

गोष्ट अशी होती. आमच्याकडे थंडी पडली की वावरात रोडगे होतात. कणकेचे जाड गोळे, थरावर थर दिलेले, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, अशी तिखट की खाणाऱ्याचं नाक आणि डोळे एकाच वेळी वाहू लागावेत. बहुतेक वेळा मागे कुठलातरी नवस असतो आणि पुढे मारोती असतो. तशाच एका गावात एका कुटुंबानं रोडगे केले. पहिली पंगत पुरुषांची बसली आणि अर्ध्यातच माणसं आडवी व्हायला लागली. सात गेली. त्यांत भाजी शिजवणारे दोघे सख्खे भाऊही होते. भाजीत फवारणीचं औषध निघालं.

पकडला गेला तो त्या भावांचा चुलतभाऊ. शेजारचं वावर त्याचं, मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षानुवर्षांची भांडणं. तरी भाऊबंदांना आमंत्रण द्यावंच लागतं, म्हणून तो सकाळी आला होता. त्यानं वांगी चिरली, भाजीच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, पळी फिरवली. मग कोणीतरी टोमणा मारला, "धुरा कोरतो अन् वरून फुकटचं खाले येतो." तो पळी फेकून उठला, "मरा बे सारे!" असं ओरडला आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला. दुपारपर्यंत सात मेले होते. त्याच्या वावरातल्या खोपडीत औषधाची अर्धी बाटली सापडली. तशी बाटली कोणाच्या खोपडीत नसते? पण हा प्रश्न विचारायला कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं, कारण बुलढाण्याच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत ठराव झाला होता: याचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. सर्वानुमते. माझंही मत त्या सर्वांमध्ये धरलेलं, आणि मी तर त्या दिवशी वडनेर भोलजीला, सासुरवाडीत, मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाला, दुसऱ्यांदा जिलबी घेत होतो.

पुढच्या तारखेला न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "आरोपीतर्फे कोण?" आरोपी पिंजऱ्यात उभा. सगळे वकील छताकडे बघायला लागले, जणू पंखा आजच बसवलाय. साहेब म्हणाले, "वकिलाशिवाय हा खटला चालणार नाही. सरकारी खर्चानं बचाव करणाऱ्यांच्या यादीतलं कोणी आहे का इथं?"

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या मनात न्याय, तत्त्व, राज्यघटना यांतलं काहीही नव्हतं. तरुणपणी गणपतीच्या नाटकांतून मी यमराजाची कामं केलेली आहेत, आणि सभागृह इतकं गच्च भरलेलं, इतकं शांत असलं, की मला बसवतच नाही. मी उठलो. काळा कोट खाली ओढला.

"मी आहे, साहेब."

काय तो सन्नाटा! शिपायाच्या हातातली फाईल खाली पडली. टाळ्या तेवढ्या पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून कोर्टासमोरचा चहावाला माझ्याकडे चहा आणेना. माझ्याच टेबलावर बसलेल्यांना द्यायचा आणि माझ्यासमोरची जागा फडक्यानं पुसून जायचा. मी दोन बोटं वर करून नाटकी आवाजात "एक कटिंग!" म्हणायचो, तो मान वळवायचा. मग मी थर्मास आणायला लागलो आणि त्याच्याच बाकावर बसून, फुरके मारत प्यायला लागलो. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण आमचे एक ज्येष्ठ वकील होते, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते समोर येऊन बसले तेव्हा माझे फुरके बंद झाले.

"तू का घेतलंस रे?" ते म्हणाले. "उद्या तुझ्या घरच्यांना कोणी असं मारलं, तर त्याचा वकील होशील का?"

"नाही होणार, सर. पण त्याला वकील मिळू नये असंही म्हणणार नाही. माझी माणसं मेली तर मला मारणारा पाहिजे. हाताला लागला तो नको."

"पुरावा आहे त्याच्याविरुद्ध."

"मग त्याला प्रश्न विचारले तर तो मोडणार नाही. सर, एका खुनाच्या आरोपीला वकील मिळतो. सात खुनांच्या आरोपीला मिळत नाही. म्हणजे आरोप जितका मोठा, तितका पुरावा कमी लागतो, असंच ना?"

त्यांनी माझ्या थर्मासचं उघडं झाकण लावलं. मग म्हणाले, "बोलायला तू आधीपासून हुशार." आणि उठून गेले. ते शाबासकीनं म्हणाले की तिरस्कारानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा मी शाबासकी धरली.

घरी बायकोचा प्रश्न वेगळाच होता. ती भाजी निवडताना विचारायची, "त्यानं केलं काय?"

"माहीत नाही."

"तुमी पुसलं नाही?"

"पुसायचं नसतं. त्याच्यावरचे पुरावे तपासणं माझं काम. त्याचं मन तपासणं माझं काम नाही."

"वा! मी भाजीवालीले इचारते वांगं किडकं हाय काय. तुमी माणसाले इचारत नाही."

मी तिच्यापुढची भाजी ओढली आणि निवडायला लागलो.

तुरुंगात मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो स्वतःच सांगायला निघाला. पस्तिशीतला, रुंद हाडाचा माणूस, कोंडल्यामुळे फिका पडलेला. "साहेब, मारोतीची आन घेऊन सांगतो, मीनं..."

"थांब," मी हात वर केला. "आन घेऊ नको. मी देव नाही, तुझा वकील आहे. तू कुठं होता, कधी गेला, कोणी पाहिलं, तेवढंच सांग."

त्यानं सांगितलं. रोडगे विस्तवात होते तेव्हा तो निघाला, सरळ चिखलीच्या बाजारात गेला, अडत्याच्या दुकानात संध्याकाळपर्यंत बसून राहिला. तिथूनच त्याला पोलिसांनी उचललं. मी उठायला लागलो तर तो गज धरून म्हणाला, "साहेब, मी नवस बोललो हाय. सुटलो तं मारोतीले रोडगे करीन."

"रोडगे?" माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "अरे बाबा, दुसरं काही बोलता आलं नाही तुले? नारळ? पेढे?"

"आमच्या घरी रोडग्याचाच नवस असते, साहेब," तो निरागसपणे म्हणाला.

खटला सुरू झाला आणि आमची बाजू बुडायला लागली. शेजाऱ्यानं सांगितलं, हा गंजापाशी होता. दुसऱ्यानं सांगितलं, "मरा बे सारे" म्हणाला. तिसऱ्यानं सांगितलं, न जेवता गेला. सरकारी वकील प्रत्येक वेळी न्यायाधीशांकडे वळून म्हणायचे, "न जेवता गेला, साहेब! रोडगे विस्तवात सोडून गेला! का गेला? कारण त्याला माहीत होतं!" सांगण्याची ढब मस्त होती. आमच्या नाटकमंडळीत असते तर मी त्यांना राजाचं काम दिलं असतं. पंगतीतून वाचलेला एक म्हातारा साक्ष देऊन उतरताना एवढंच पुटपुटला, "भाजी लयच पातळ होती त्या दिवशी." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही कागदावर लिहून घेतलं आणि विसरलो.

सगळे धरून चालले होते की हा फासावर जाणार. मीसुद्धा. माझी धडपड आता फाशीऐवजी जन्मठेपेवर आली होती.

मग शनिवार आला. बायकोनं मारोतीसाठी वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. भुकेनं मला दम निघेना. मी सरळ पातेल्यात बोट घातलं, तर हातावर चमचा बसला, खाडकन.

"नैवेद्य काढाचा हाय अजून! देवाच्या आधी तुमीच?"

मी बोट चोखत उभा राहिलो. आणि तिथंच, ओट्यापाशी, माझ्या डोक्यात वीज चमकली.

"नैवेद्य!" मी ओरडलो.

"ओरडता कायले? देते ना दोन मिनिटात."

"अगं, नैवेद्य! त्या दिवशी नैवेद्य काढला असेल ना! रोडगे विस्तवातून निघाल्यावर, पंगत बसायच्या आधी. मारोतीसमोर ताट गेलं असेल. ते ताट मग कोणी खाल्लं?"

बायको चमचा हातात धरून थांबली. "जी बाई ताट नेते, तीच परसाद खाते. नाई तं लेकरं खाते."

"त्या दिवशी लेकरू तर कोणी आजारी पडलं नाही! बाईही नाही!" मी तिच्याभोवती एक गिरकी घेतली. पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या माणसानं स्वयंपाकघरात गिरकी घेऊ नये, डबा पडतो. डबा पडला. मी आणखी एक घेतली. आरोपी रोडगे विस्तवात असतानाच गेला, हे सरकारी वकिलांनी स्वतः तीन-तीनदा सिद्ध केलं होतं. नैवेद्य त्यानंतर निघाला. नैवेद्याची भाजी चांगली असेल, तर विष त्यानंतर पडलं, आणि तो तर तेव्हा तिथं नव्हताच! तपास अधिकाऱ्यानं पंगतीत कोण बसलं ते लिहिलं होतं. मारोती पंगतीत बसला नव्हता, म्हणून त्याचं ताट कागदावर आलंच नव्हतं.

"नाचू नका," बायको म्हणाली. "माझ्या माहेरी नैवेद्याची भाजी येगळी शिजवते. बिनकांद्या-लसणाची. छोट्या गंजीत. त्याईच्या घरीबी तसंच असन तं?"

माझी गिरकी अर्ध्यातच थांबली.

तिचं बरोबर होतं. नैवेद्याची भाजी वेगळ्या भांड्यातली असली, तर माझा सगळा मुद्दा खलास. नुसता खलास नाही, उलटा गळ्यात. मोठ्या गंजात आधीपासून विष होतं आणि देवाचं भांडं तेवढं वाचलं, असंच मग सगळे म्हणणार.

ताट नेणारी कोण, ते कागदपत्रांत एका ओळीत होतं: मेलेल्या थोरल्या भावाची बायको. सरकारी साक्षीदार. सोमवारी तिची साक्ष. माझा कारकून म्हणाला, "साहेब, गावात माह्या मामाची सोयरीक हाय. हळूच इचारून घेऊ काय, भाजी कोणत्या गंजातली होती?"

मोह झाला. पण साक्षीदार त्यांचा, आणि तो विचारायला गेला की उद्या तीच बाई म्हणेल, वकिलाचा माणूस आला होता. शिवाय ती बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या तयारीत असणार. "नाही," मी म्हणालो. "पुसायचं ते कोर्टात, सगळ्यांसमोर पुसू."

वकिलीतला पहिला धडा असतो: ज्याचं उत्तर माहीत नाही असा प्रश्न साक्षीदाराला कधी विचारू नये. आणि माझ्याकडे नेमका तेवढा एकच प्रश्न होता.

सोमवारी मी सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला गेलो. हवा गार होती. ती साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. सुती लुगडं, मोकळं कपाळ, नजर थेट समोर. सरकारी वकिलांनी तिला रडवलं नाही, पण सगळं कोर्ट रडवलं. मग साहेब माझ्याकडे वळले.

माझ्यातला यमराज कुठल्या कुठे पळाला. मी कोट सारखा केला नाही, आवाज चढवला नाही. आपल्या बोलीत विचारलं, "ताई, त्या दिवशी मारोतीले ताट कोणी नेलं?"

"मीनं."

"पंगत बसाच्या आधी?"

"आधीच नेते ना. देवाच्या आधी कोण जेवते?"

"मारोतीसमोरून परत आणलेला परसाद कोणी खाल्ला?"

"मीनं खाल्ला. माह्या दोन लेकरायनं खाल्ला."

"तब्येत बिघडली?"

"नाही." तिचा आवाज जरा घसरला. "मारोतीनं वाचवलं म्हणते सारे."

आता तो प्रश्न. पिंजऱ्यात तो उभा होता आणि या कोर्टात त्याच्यासाठी एवढाच प्रश्न उरला होता.

"ताई, त्या ताटात भाजी कोणत्या गंजातली होती? येगळ्या गंजीतली का मोठ्या गंजातली?"

तिनं हळूच वळून पिंजऱ्याकडे बघितलं. तिचा चुलतदीर मान खाली घालून उभा होता. कोर्टात पंखा फिरत होता आणि त्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. सरकारी वकील खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनाही आता कळलं होतं. मला वाटलं, तिलाही कळलंय. 'येगळ्या' हा एक शब्द, आणि तिच्या मते ज्यानं तिचं कुंकू पुसलं तो फासावर. तिला कोणी खोटं ठरवू शकलं नसतं.

"मोठ्या गंजातली," ती म्हणाली. "जे आपुन खाचं तेच देवाले. आमच्या घरी येगळं शिजवत नाही."

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून बसली होती. मला पुढे जायचा धीर होईना, पण तिनंच हाक मारली. "वकीलसाहेब." मी थांबलो. "मले समजलं होतं तुमी काऊन पुसून राह्यले ते." पदराच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, "पण मारोतीच्या ताटाबद्दल खोटं कसं बोलू?"

मी तिला हात जोडले आणि आत गेलो.

मग मला तो म्हातारा आठवला. "भाजी लयच पातळ होती." कागद काढून शोधला. मी त्याला परत साक्षीला बोलवून घेतलं. हो, तो म्हणाला, ऐनवेळी शेजारच्या गावचे पाहुणे आले होते. मग भाजी पुरवण्यासाठी त्यात पाणी घातलं असेल. पाणी कोणी घातलं? त्या दोन भावांपैकी कोणीतरी. कुठलं? विहिरीजवळ ठेवलेल्या एखाद्या कॅनमधलं असेल. आणि त्या कॅनमध्ये आदल्या दिवशी फवारणीचं औषध तर नव्हतं? हे सांगणारे दोघेही मेले होते. हे मी सिद्ध करू शकलो नाही. सिद्ध करायची गरजही नव्हती. संशय पुरेसा होता. आरोपी सुटला.

सलूनवाल्यानं माझी दाढी चालू ठेवली, पण वस्तरा कंठावर आला की अजून तो दोन क्षण जास्त थांबतो. "नैवेद्य चांगला होता ते ठीक," तो म्हणतो, "पण मोटारसायकल परत फिरून नाल्याच्या वाटेनं येत नाही काय?" मी म्हणतो, बाजारातल्या अडत्यानं त्याला पाहिलं. तो म्हणतो, "अडत्या त्याचाच ना." कायदा त्याच्या बाजूचा नाही. पण वस्तरा त्याच्या हातात असतो.

आणि मग, काही आठवड्यांनी, आमच्या दारात तो उभा. हातात पिशवी, नवा सदरा. "साहेब, नवस बोललो होतो. रविवारी रोडगे हायेत. तुमाले अन् वहिनीले याच लागते."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत हा खटला जिंकून मी जिल्हाभर मिरवत होतो, जो भेटेल त्याला गिरकीसकट गोष्ट सांगत होतो. आता गोष्टच मला जेवायला बोलवायला आली होती.

"येतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वावरात तो, त्याची म्हातारी आई आणि आम्ही दोघं. गावातलं कोणी आलं नव्हतं. त्यानं विहिरीतून पाणी आमच्या डोळ्यांसमोर शेंदलं. मसाल्याची पुडी आमच्यासमोर फोडली. भांडं घासलेलं असूनही आमच्यासमोर पुन्हा घासलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मला वाटलं, हा आता मरेपर्यंत असाच स्वयंपाक करणार. म्हातारी नैवेद्याचं ताट घेऊन मारोतीकडे गेली आणि परसाद खात परत आली.

आम्ही बसलो. त्यानं रोडगा फोडून तूप ओतलं, वांग्याची भाजी वाढली. लालभडक तर्री. मी हात पुढे केला.

आणि हात थांबला. मी खरंच थांबवला नव्हता. कोर्टात इतके दिवस ज्याच्यासाठी उभा होतो, तो समोर होता, आणि माझी बोटं ताटाच्या काठावर होती. त्यानं ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मी खाऊ काय अगोदर?"

तेवढ्यात शेजारून बायकोचा आवाज आला.

"भाऊ, भाजी वाढा हो थोडी. संपली माही."

मी वळून पाहिलं. तिच्या ताटात अर्धा रोडगा उरला होता, नाक लाल झालं होतं, आणि आजवर 'त्यानं केलं काय' हे रोज विचारणारी ही बाई पदरानं डोळे पुसत दुसऱ्यांदा भाजी मागत होती.

"यजमान आधी जेवत नसतो बे," मी त्याला म्हणालो. "मलेबी वाढ."

त्यानं वाढली. मी खाल्लं. पाहुणे दोनच होते. भाजी दाट होती.